ग्रह पाहून दुर्बिणीचा बीम आणि फोकस कसा मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवाईमधल्या मौना केआ पर्वतावर, ४,०९२ मीटर उंचीवर, जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बीण आहे. तिचं रोजचं नाव जेसीएमटी. थाळीचा व्यास १५ मीटर, १९८७पासून कामात, आणि २०१५पासून ईस्ट एशियन ऑब्झर्व्हेटरीच्या ताब्यात. तिच्यावरचा स्कूबा-२ हा कॅमेरा ४५० आणि ८५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अशा दोन तरंगलांबींवर एकदमच नकाशे काढतो. तिचे नकाशे पहिल्यांदा उघडणारे विद्यार्थी आणि व्याख्यानानंतर थांबून विचारणारे श्रोते, दोघांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः याच दुर्बिणीची आहेत, कारण ग्रहांवरून बीम मोजण्याचं काम इथे अगदी उघड्यावर, टप्प्याटप्प्याने बघता येतं.

बीम म्हणजे काय? दुर्बीण तर प्रकाश घेते, सोडत नाही.

खरं आहे. हा शब्द रडार आणि अँटेनावाल्यांकडून आला आणि चिकटला. पाठ्यपुस्तकात 'शलाका' असतं, पण कंट्रोल रूममध्ये सगळे बीमच म्हणतात.

दुर्बिणीला अगदी बारीक ठिपका दाखवला तरी ती ठिपका दाखवत नाही. टीपकागदावर शाई पसरावी तसा एक डाग दाखवते. तो डाग म्हणजे बीम. लाट मर्यादित रुंदीच्या थाळीवर आदळली की हे होणारच. तरंगलांबीला व्यासाने भागा: ०.४५ मिलिमीटर भागिले १५ मीटर. कोनात हे सुमारे ६.२ विकला भरतं. थाळीच्या कडेचा भाग मुद्दाम कमी वापरला जातो, त्यामुळे प्रत्यक्षात बीम याहून थोडा रुंद होतो. मोजून मिळालेली रुंदी ४५० मायक्रॉनला ७.९ आणि ८५० मायक्रॉनला १३ विकला आहे. ही रुंदी डागाच्या निम्म्या उंचीवर, म्हणजे मधलं तेज (शिखर) जिथे निम्मं होतं तिथे, मोजतात.

विकला म्हणजे पंचांगातलीच. एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. ७.९ विकला म्हणजे अडीच सेंटिमीटरचं नाणं साधारण साडेसहाशे मीटरवरून दिसेल तेवढं.

बीमचा आकार माहीत नसला तर काय बिघडतं?

नकाशातला प्रत्येक आकडा बिघडतो. स्कूबा-२चा सेन्सर पिकोवॉटमध्ये, म्हणजे त्याच्यावर पडलेल्या शक्तीच्या एककात, बोलतो आणि खगोलशास्त्रज्ञाला जान्स्की, म्हणजे वस्तूच्या तेजाचं एकक, हवे असतात. मधला रूपांतराचा आकडा, म्हणजे कॅलिब्रेशन, बीमवर अवलंबून आहे. बीम पसरला तर तोच प्रकाश जास्त जागेत वाटला जातो आणि शिखर बुटकं होतं. वस्तू होती तशीच, पण तुमच्या तक्त्यात ती मंद झाली.

पण ग्रहच का? तारे तर आकाशभर आहेत.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. साध्या डोळ्याच्या जगात तारा हा आदर्श ठिपका आणि ग्रह ही चकती. सबमिलिमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरहून लहान लहरींच्या, जगात नेमकं उलटं होतं. बहुतेक तारे इथे इतके फिके असतात की त्यांच्यावर मोजमाप करण्यात अर्थ नाही. ते तापलेले असतात, पण दुरून त्यांचा आकार नगण्य. ग्रह थंड असले तरी जवळ आहेत आणि या लहरींमध्ये चांगले झगझगीत दिसतात. त्यातले लहान ग्रह बीमपेक्षा बारीक असल्यामुळे जवळपास ठिपकाच ठरतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ग्रहाचं तापमान आणि त्या रात्रीचा कोनीय व्यास (आकाशात तो किती विकलांचा दिसतो ते) आपल्याला आधीच ठाऊक असतो, म्हणजे त्याच्याकडून किती प्रकाश यायला हवा तेही ठाऊक असतं. आकाशात टांगलेला, ठरावीक वॅटचा दिवाच म्हणा.

मग कोणता ग्रह घ्यायचा?

जेसीएमटीवर मुख्य कॅलिब्रेटर दोन: युरेनस आणि मंगळ.

युरेनस, म्हणजे आपल्या पंचांगातला हर्षल, माझ्या मते या कामासाठीच घडवलेला आहे. त्याची चकती वर्षभरात साधारण साडेतीन ते चार विकलांच्या आसपासच राहते. ८५० मायक्रॉनला तो सुमारे ७० जान्स्की देतो आणि ४५०ला पावणेदोनशे ते दोनशे. ठळक आहे पण डोळे दिपवणारा नाही, आणि बीमच्या निम्म्याहूनही बारीक. त्याच्या वातावरणाच्या मॉडेलमध्ये काही टक्क्यांची अनिश्चितता आहे, ती पुढे सगळ्या आकड्यांत उतरते. त्यावर इलाज नाही.

मंगळ जास्त तेजस्वी, पण लहरी. त्याची चकती साडेतीनपासून २५ विकलांपर्यंत बदलते, म्हणजे क्षेत्रफळात पन्नास पट फरक. शिवाय तिथे ऋतू आहेत, धूळ आहे. २०१८मध्ये मंगळ पृथ्वीच्या जवळ आला, त्याच सुमारास संपूर्ण ग्रहावर धुळीचं वादळ होतं. अशा वेळी 'ठरावीक वॅटचा दिवा' ही कल्पना डळमळते. मंगळ लांब आणि लहान असताना तो बीमसाठी उत्तम, जवळ असताना फोकससाठी ठीक, पण बीमच्या रुंदीसाठी नको.

गुरू ३० ते ५० विकलांचा, म्हणजे बीमच्या कित्येक पट. शनीला कडी आहेत आणि त्यांचा कल वर्षागणिक बदलतो. नेपच्यून सव्वादोन-अडीच विकलांचा, छान बारीक, पण मंद. गंमत अशी की युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचं नाव दिलेल्या अवकाश दुर्बिणीने तिच्या स्पायर उपकरणासाठी मुख्य मानक म्हणून निवडला नेपच्यून.

आकाशात एकही योग्य ग्रह नसेल तेव्हा दुय्यम कॅलिब्रेटर असतात: सीआरएल ६१८, सीआरएल २६८८ (आपल्या आकाशगंगेतले धुळीने वेढलेले तारे) आणि आर्प २२० (दूरची दीर्घिका). पण त्यांचे आकडेसुद्धा मुळात ग्रहांशी तुलना करूनच ठरवलेले आहेत.

ग्रहाला स्वतःचा आकार आहे. तो बीममधून वजा कसा करतात?

थेट वजाबाकी नाही, वर्गांची वजाबाकी. मोजलेल्या रुंदीचा वर्ग घ्या. त्यातून ग्रहाच्या व्यासाच्या वर्गाचा ०.३४७ पट भाग काढा (२च्या नैसर्गिक लॉगॅरिदमचा निम्मा). उरलेल्याचं वर्गमूळ म्हणजे बीम.

युरेनस ३.७ विकलांचा असताना ४५० मायक्रॉनच्या नकाशात रुंदी ८.२ दिसते. गणित केलं की खरा बीम ७.९ निघतो. फरक ०.३ विकलांचा. ८५०ला तोच फरक जेमतेम ०.२. म्हणून युरेनस आवडता. मंगळ १८ विकलांचा असताना हेच सूत्र लावलं तर ४५०च्या नकाशात १३ विकलांचा डाग मिळेल, आणि त्यातला बहुतेक आकार मंगळाचा असेल. शिवाय चकती बीमपेक्षा मोठी झाली की हे सूत्रच कच्चं पडतं, मग पूर्ण चकती घेऊन मॉडेल बसवावं लागतं.

म्हणजे बीम ७.९ विकलांचा, विषय संपला?

इथेच तर तो सुरू होतो. नवीन माणूस या आकड्यावर थांबतो आणि पुढे सहा महिने त्याची बेरीज जुळत नाही.

युरेनसचा चांगला, खोल नकाशा घ्या आणि रंगांची पट्टी लॉगॅरिदमिक करा. मधे टोकदार शिखर दिसेल आणि त्याच्याभोवती परकराच्या घेरासारखा एक पसरट, फिका थर. या घेराला एरर बीम म्हणतात. स्कूबा-२च्या मोजमापांत दोन गाउसियन, म्हणजे घंटेच्या आकाराचे वक्र, बसवतात, एकूण शिखर १ धरून. ४५० मायक्रॉनला मुख्य भागाची उंची ०.९४ आणि रुंदी ७.९ विकला, घेराची उंची फक्त ०.०६ पण रुंदी २५ विकला. ८५०ला मुख्य भाग ०.९८ आणि १३ विकला, घेर ०.०२ आणि ४८ विकला.

सहा टक्के उंची म्हणजे नगण्य वाटते. पण प्रकाश उंचीत नाही, आकारमानात मोजायचा असतो, आणि आकारमान रुंदीच्या वर्गाने वाढतं. करून बघा: ०.०६ गुणिले २५चा वर्ग म्हणजे ३७.५. ०.९४ गुणिले ७.९चा वर्ग म्हणजे सुमारे ५८.७. एकूण ९६.२ पैकी ३७.५ घेरात, म्हणजे ३९ टक्के! शंभरातला जवळपास चाळीस रुपयांचा माल त्या फिक्या झालरीत आहे. ८५०ला हाच वाटा सुमारे २२ टक्के.

वरच्या बेरजेचं वर्गमूळ काढलं की ९.८ येतं. ही ४५०ची 'परिणामी' रुंदी. ८५०ची १४.६. कुठे ७.९ लिहायचं आणि कुठे ९.८ हे न बघता आकडा उचलणं ही या विषयातली सगळ्यात सामान्य चूक आहे. जवळजवळ असलेले दोन तारे वेगळे दिसतील का, असा प्रश्न असेल तर ७.९. बीममध्ये किती क्षेत्र मावतं, असा असेल तर ९.८.

हा घेर येतो कुठून?

थाळीच्या पृष्ठभागातून. ती अखंड नाही, २७६ पॅनल जोडून केलेली आहे. आदर्श आकारापासून तिचं सरासरी विचलन साधारण २४ मायक्रॉन धरलं, तर जॉन रुझ यांच्या १९६६च्या सूत्रावरून ८५० मायक्रॉनला सुमारे ८८ टक्के प्रकाश नीट शिखरात जातो आणि ४५०ला फक्त ६४ टक्के. उरलेला घेरात सांडतो. विचलन ४० मायक्रॉन झालं तर ४५०चा आकडा २९ टक्क्यांवर घसरतो. केसाच्या निम्म्या जाडीइतक्या उंचसखलपणाची ही किंमत.

घेराच्या रुंदीवरून उंचवट्यांचा आकारही ओळखता येतो. लहान खड्डा प्रकाश लांब फेकतो, लांबरुंद बाक जवळच. तरंगलांबीला घेराच्या रुंदीने भागून बघा. ४५० आणि २५ विकलांवरून ३.७ मीटर येतात. ८५० आणि ४८ विकलांवरूनही जवळपास तेवढेच. दोन वेगळ्या लहरींनी एकाच लांबीकडे बोट दाखवलं. हा ढोबळ अंदाज आहे, आणि दुय्यम आरशाच्या (थाळीसमोरच्या लहान आरशाच्या) सावलीमुळे उमटणारी वलयंही तरंगलांबीबरोबरच पसरतात, त्यामुळे सगळा दोष थाळीवर टाकू नये. पण एक गोष्ट कळते. एखादं पॅनल यापेक्षा बरंच लहान आहे, म्हणजे अडचण सुट्या पॅनलची कमी आणि अनेक पॅनलच्या पट्ट्याला आलेल्या बाकाची जास्त दिसते.

आता फोकस. ग्रहावर फोकस प्रत्यक्षात कसा करतात?

मुद्दाम बिघडवून.

थाळीसमोरचा दुय्यम आरसा अक्षाच्या दिशेने पुढेमागे सरकवता येतो. ऑपरेटर ग्रहावर नेम धरतो आणि आरसा पाच किंवा सात जागी ठेवून प्रत्येक जागी एक छोटा नकाशा घेतो. दोन जागांमधलं अंतर मिलिमीटरचे काही दशांश. समजा ८५०ला ०.३ मिलिमीटरच्या पायऱ्या घेतल्या आणि उणे ०.६पासून अधिक ०.६पर्यंत शिखराची उंची अशी आली: ४५, ७९, ९६, ९४, ७४. सगळ्यात मोठा आकडा मधल्या जागेचा आहे, म्हणून आरसा शून्यावर ठेवायचा का? नाही. उजवीकडचे आकडे डावीकडच्यांपेक्षा वर आहेत, म्हणजे खरं शिखर थोडं उजवीकडे सरकलेलं आहे. पाचही बिंदूंमधून पॅराबोला बसवला की ते अधिक ०.१२ मिलिमीटरवर मिळतं. आरसा तिथे नेऊन ठेवायचा.

शेजारच्या खिडकीत ते पाच नकाशे एका रांगेत दिसतात. कडेचे दोन फुगलेले आणि मंद, मधला घट्ट. सवय झालेला ऑपरेटर पॅराबोला यायच्या आधीच 'थोडा पुढे' असं पुटपुटतो, आणि बहुतेक वेळा बरोबर असतो.

०.१२ मिलिमीटरने असा काय फरक पडतो?

वरच्या उदाहरणात ८५०ला शिखर जेमतेम दीड टक्का पडलेलं होतं. तेवढं चालून जाईल. पण तोटा तरंगलांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, त्यामुळे ४५०ला तोच दोष साडेतीन पट महाग: सुमारे ५ टक्के. पूर्ण ०.३ मिलिमीटर चुकलं तर ८५०ला ९ टक्के आणि ४५०ला एक तृतीयांशाच्या आसपास शिखर गायब. म्हणून ज्याला ४५०चा डेटा हवा आहे त्याने ८५०चा फोकस 'छान आहे' यावर समाधान मानू नये.

आरसा फक्त पुढेमागेच सरकतो का?

नाही, आडवा आणि उभाही सरकतो. तो बाजूला गेला तर डाग नुसता फुगत नाही, त्याला एका बाजूला शेपूट फुटतं. याला कोमा म्हणतात, धूमकेतूच्या डोक्याभोवतीच्या धूसर आवरणाला म्हणतात तोच शब्द. या दोन दिशांचा फोकस पुढेमागेपेक्षा कमी वेळा तपासावा लागतो.

तिसरा दोष आरसा हलवून जात नाही, कारण तो थाळीचाच असतो: अ‍ॅस्टिग्मॅटिझम. फोकसच्या अलीकडे डाग एका दिशेला लांबट, पलीकडे त्याला काटकोनात लांबट, आणि बरोबर फोकसवर गोल पण थोडा सुजलेला. म्हणजे फोकसवरचा एकच नकाशा घेतला तर हा रोग दिसतच नाही. फोकसच्या दोन्ही बाजूंचे नकाशे शेजारी ठेवले तरच कळतो. याच युक्तीचं पुढचं रूप म्हणजे आउट-ऑफ-फोकस होलोग्राफी: फोकस मुद्दाम ठरावीक मापाने बिघडवून तेजस्वी ठिपक्याचे नकाशे घ्यायचे आणि त्यांच्या बिघडण्याच्या पद्धतीवरून थाळीचा बाक उलटा काढायचा. बिघडलेली चित्रं बोलकी असतात, चांगलं चित्र सगळं झाकून टाकतं.

एका रात्रीत फोकस किती वेळा?

सुरुवातीला नक्की, मग तापमान आणि दुर्बीण क्षितिजापासून किती वर बघते ती उंची बदलेल तसा. थाळी क्षितिजाकडे कलली की स्वतःच्या वजनाने वाकते. त्याचा अंदाज बांधून आरसा आपोआप सरकवला जातो, तरी शिल्लक उरतेच.

खरा शत्रू सूर्य. जेसीएमटीच्या घुमटाच्या तोंडावर गोरटेक्सचं अवाढव्य कापड ताणलेलं आहे. होय, रेनकोटवाल्या गोरटेक्सचंच. वारा आणि थेट ऊन अडतं आणि सबमिलिमीटर लहरी आरपार येतात, म्हणून दिवसाही निरीक्षणं करता येतात. पण दिवसभर तापलेली थाळी संध्याकाळी सगळीकडे सारखी थंड होत नाही. तिच्यात बाक येतो, घेर फुगतो, शिखर खचतं. स्थानिक वेळेने रात्री ९ ते सकाळी ७ हा काळ स्थिर धरला जातो. त्याच्या अलीकडचा-पलीकडचा डेटा वापरायचा असेल तर त्याच तासातला ग्रहाचा नकाशा सोबत हवा.

शिखर कमी आलं, पण दोष हवेचा की फोकसचा, कसं ओळखायचं?

एकाच नकाशावर दोन मोजमापं करा. एक शिखराची उंची, दुसरं ६० विकला व्यासाच्या वर्तुळातला एकूण प्रकाश (पार्श्वभूमी ९० ते १२० विकला व्यासांच्या मधल्या कड्यातून). दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी झाली असतील तर हवेतल्या पाण्याच्या वाफेचा हिशेब चुकला आहे. शिखर पडलं पण एकूण प्रकाश तेवढाच असेल तर फोकस किंवा थाळी. प्रकाश हरवलेला नाही, सांडला आहे.

याच कारणासाठी कॅलिब्रेशनचे आकडेही दोन असतात. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: शिखरासाठी पिकोवॉटमागे ४५०ला ४९१ जान्स्की प्रतिबीम, ८५०ला ५३७. एकूण प्रकाशासाठी अनुक्रमे ४.७१ आणि २.३४ जान्स्की प्रतिचौरस विकला. नंतरच्या डेटासाठी सुधारित आकडे आले आहेत, त्यामुळे तारीख बघूनच आकडा निवडा.

या दोन आकड्यांचा भागाकार म्हणजे बीमचं क्षेत्रफळ. ५३७ला २.३४ने भागून रुंदी काढली की १४.२ विकला येतात, पण वर दोन गाउसियनवरून १४.६ आले होते. चूक कुणाची? कुणाचीच नाही. ४८ विकलांच्या घेराचा तिसरा हिस्सा ६० विकलांच्या वर्तुळाबाहेर पडतो, म्हणजे एकूण प्रकाशाचे सुमारे ७ टक्के मोजलेच गेले नाहीत. माझ्या हिशेबाने एवढ्यावर फरक जवळपास मिटतो. वर्तुळ केवढं घेतलं ते लिहून ठेवा, एवढीच विनंती.

पॉइंटिंग, म्हणजे दुर्बिणीचा नेम, चुकलं असेल तर बीम चुकतो का?

नकाशा घेत असाल तर नाही, डाग नुसता सरकून दिसतो. पण फोकसच्या आधी पॉइंटिंग करतातच.

मला घरी बसून हे करून बघता येईल का?

येईल. जेसीएमटीचा जुना डेटा कॅनडाच्या खगोल डेटा केंद्राच्या संग्रहात आहे. गोपनीयतेची मुदत संपलेला कुणालाही मिळतो. सॉफ्टवेअरचं नाव स्टारलिंक. हे उपग्रहांवाल्या स्टारलिंकच्या कितीतरी आधीचं, ब्रिटनमध्ये १९८०मध्ये सुरू झालेलं आहे. शोधताना मात्र नेहमी उपग्रहच वर येतात. त्यातल्या 'मेकमॅप'ने नकाशा बनवा, 'बीमफिट'ने गाउसियन बसवा, आणि 'फ्लक्सेस'ला तारीख दिली की त्या रात्री ग्रहाने किती जान्स्की द्यायला हवे होते ते सांगेल.

पहिल्या प्रयत्नात माणसं ठरावीक ठिकाणी अडतात. नकाशा विषुवांश-क्रांतीत (आकाशाला चिकटलेल्या मापांत) बनवू नका, दिगंश-उन्नतांशात (क्षितिजावरून घेतलेल्या मापांत) बनवा. दोष दुर्बिणीला चिकटलेले असतात, आकाशाला नाही. आकाश फिरतं तसा लांबट डागही फिरतो आणि अनेक नकाशे एकत्र केले की तो खोटा गोल होतो. पिक्सेल १ विकलेचा घ्या. आठ विकलांचं शिखर चार विकलांच्या पिक्सेलने मोजणं म्हणजे वजनकाट्यावर केशर मोजण्यासारखं. आणि मेकमॅपला वातावरणाचा संथ चढउतार काढून टाकायला सांगितलेलं असतं. तो फिक्या, पसरट घेरालाही हवाच समजतो आणि खाऊन टाकतो. म्हणून तेजस्वी, लहान स्रोतांच्या तयार सेटिंगमध्ये ग्रहाभोवती ६० विकला त्रिज्येचं वर्तुळ आखून फक्त त्याच्या बाहेर सिग्नल शून्य धरलेला असतो. ग्रहाभोवती काळपट खळगा दिसला तर समजा, घेर खाल्ला गेला आहे.

आपल्या जीएमआरटीत (पुण्याजवळच्या रेडिओ दुर्बिणीत) पण युरेनस वापरतात का?

नाही. नारायणगावजवळ खोडदच्या परिसरातल्या ३० थाळ्या ४५-४५ मीटरच्या आहेत, पण त्या ऐकतात त्या लहरी सेंटिमीटर-मीटरच्या. २१ सेंटिमीटरला युरेनस जान्स्कीच्या काही हजारांश भागाएवढा उरतो. तिथे थ्रीसी २८६, थ्रीसी ४८, थ्रीसी १४७ हे दूरचे रेडिओ स्रोत कॅलिब्रेटर असतात. थ्रीसी २८६ त्याच लहरीत सुमारे १५ जान्स्कीचा आहे. बीमही निराळ्या मापाचा: २१ सेंटिमीटरच्या आसपास एकेका थाळीचा बीम सुमारे २४ कला, म्हणजे चंद्रबिंबाहून थोडा लहान. आणि त्या लहरींना थाळी तारांच्या जाळीची असली तरी पुरते. मायक्रॉनचा हिशेब तिथे कुणी विचारत नाही.

अवकाशातल्या दुर्बिणींचं काय?

तीच पद्धत. विश्वाच्या पार्श्वप्रारणाचा नकाशा काढणाऱ्या डब्ल्यूमॅपने बीमसाठी गुरू वापरला. त्याच कामाच्या प्लँक यानाने मंगळ, गुरू आणि शनी वापरले. तिथे फोकस फिरवायला ऑपरेटर नसतो, त्यामुळे बीम आहे तसा अचूक मोजणं एवढाच मार्ग. बीममधली एका टक्क्याची चूक सरळ विश्वाच्या गणितात शिरते.

माझ्याकडे आठ इंची दुर्बीण आहे. मीही ग्रहावर फोकस तपासू का?

ग्रहावर नको, ताऱ्यावर. आठ इंची आरशाचा दृश्य प्रकाशातला डाग सुमारे ०.७ विकलेचा, आणि युरेनस साडेतीनहून मोठा. तुमच्यासाठी तो ठिपका नाही, चकती आहे. वरची सगळी गोष्ट इथे उलटी होते.

बाकी पद्धत तीच. तारा फोकसच्या थोडा अलीकडे आणि थोडा पलीकडे न्या, आणि वलयं बघा. मधला काळा ठिपका एका बाजूला सरकला असेल तर आरसे जुळलेले नाहीत, हा कोमा. वलयं एकीकडे उभी आणि दुसरीकडे आडवी लांबट होत असतील तर अ‍ॅस्टिग्मॅटिझम. परदेशी पुस्तकांत यासाठी ध्रुव तारा सुचवलेला असतो, कारण तो जवळपास हलत नाही. ते तिकडे ठीक. महाराष्ट्रातून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १६ ते २२ अंशांवर असतो. तिथली हवा इतकी थरथरते की वलयं उकळत्या पाण्यासारखी दिसतात. डोक्यावरचा एखादा मध्यम तेजस्वी तारा घ्या, ट्रॅकिंग चालू ठेवा, आणि दुर्बीण तासभर आधी गच्चीत नेऊन गार होऊ द्या.